बोअरचा बोकड आणायचा, पण शेळ्या कुठल्या ठेवायच्या?

माझ्या मावसभावाचा बार्शीहून फोन आला. "दादा, पंचवीस शेळ्या झाल्यात. आता बोअरचा बोकड आणावा म्हणतोय. आणू का?"

मी विचारलं, "त्याची करडं विकणार का ठेवणार?"

"बोकडं विकीन की. पाठी, म्हणजे मादी करडं, ठेवीन. बोअरच्या पाठी कुणी विकतं का?"

मग आमचं पाऊण तास बोलणं झालं. त्यातलं बरंचसं मला वेगवेगळ्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

बोअर ही दक्षिण आफ्रिकेची मांसाची जात, उस्मानाबादी ही आपली काळी शेळी. यातली चांगली कुठली, असा प्रश्न विचारला की उत्तर चुकणारच. मांसासाठी शेळ्या पाळल्या की कळपात दोन वेगळी कामं असतात. एक शेळीचं: वेळेवर माजावर यायचं, गाभण राहायचं, दोन करडं घालायची, दोघांना पुरेल एवढं दूध द्यायचं, आणि हे सगळं कमी चाऱ्यावर, उन्हातान्हात करून आठ महिन्यांनी पुन्हा व्यायचं. दुसरं करडाचं: विक्रीच्या दिवसापर्यंत भराभर वजन धरायचं. ही दोन्ही कामं एकाच जातीला सारखीच जमतात असं क्वचित होतं. आणि तशी गरजही नाही. विकायचं करडू सहा-आठ महिन्यांत दावणीवरून जातं, शेळी पाच-सहा वर्षं राहते. दोघांकडून एकच अपेक्षा कशाला ठेवायची?

हिशेब कशाचा?

बाजारात आपली नजर जाते ती एकट्या बोकडाच्या अंगावर. चाळीस किलोचा बोकड दिसला की माणूस हरखतो. पण धंद्याचा आकडा वेगळा आहे: एका शेळीमागे वर्षाला किती किलो करडू विकलं गेलं?

शेळी पाच महिने गाभण असते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. समजा एक शेळी दर वेताला जुळी देते आणि सहा महिन्यांची करडं १६-१६ किलोंची भरतात. दोन वर्षांत सहा करडं, ९६ किलो. दुसरी शेळी मोठ्या हाडाची. करडू २४ किलोंचं करते, पण एकच, आणि वर्षातून एकदाच व्याते. दोन वर्षांत ४८ किलो. वर तिचं खाणं दीडपट. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, मरतूकही धरलेली नाही, पण फरक कुठून येतो ते कळतं. वेतांची संख्या, जुळी आणि जगलेली करडं या तीन गोष्टी एका करडाच्या वजनाला सहज मागे टाकतात.

या हिशेबात बसणारी शेळी म्हणजे उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी उस्मानाबादीच राहिली. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर हा तिचा मुलूख. बहुतेक काळी कुळकुळीत, कान लोंबते, जुळ्यांचं प्रमाण चांगलं. मोठ्या शेळीचं वजन तीस-बत्तीस किलोंच्या घरात, जन्मलेलं करडू अडीच किलोंच्या आसपास. बोअरशेजारी उभी केली तर किरकोळ दिसते. पण मे महिन्यात बांधावरच्या बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन दोन करडं पाजणारी शेळी एका रात्रीत तयार होत नाही. दुष्काळी मुलखातल्या कित्येक पिढ्यांनी, टिकेल ती ठेवत ठेवत, ती घडवली आहे.

पुणे, नाशिक, अहिल्यानगरकडे संगमनेरी. बहुतेक पांढरी, मांसाबरोबर घरच्या चहापुरतं दूधही देणारी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तिच्यावर बरंच काम केलं आहे. विदर्भात बेरारी, आणि सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. कोकणातल्या माणसाने घाटावरची शेळी नेली की पहिल्याच पावसाळ्यात जंत आणि खुरांचे त्रास सुरू होतात. त्या दमट हवेत कन्याळ पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आहे, तिला ते सांगावं लागत नाही. माझं मत सरळ आहे: शेळी आपल्या जिल्ह्यातलीच धरावी. राजस्थानची सिरोही, पंजाबची बीटल, यमुना-चंबळच्या खोऱ्यातली जमनापारी या सगळ्या आपापल्या ठिकाणी उत्तम आहेत. ट्रकमधून उतरवलेली पन्नास शेळ्यांची खेप इथे सहा महिन्यांत निम्मी झालेली मी पाहिली आहे. विकणाऱ्याने त्याला "हवामान मानवलं नाही" असं नाव दिलं आणि फोन बंद केला.

बोअर खरोखर काय आहे

बोअर मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. तिकडच्या डच वंशाच्या शेतकऱ्यांना बोअर म्हणत, डच भाषेत त्या शब्दाचा अर्थच शेतकरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ईस्टर्न केप भागातल्या शेतकऱ्यांनी स्थानिक शेळ्यांतून रुंद छातीच्या, भरल्या मांडीच्या, आखूड केसांच्या शेळ्या निवडत ही जात बांधली. १९५९ मध्ये पैदासकारांची संघटना झाली, जातीचे निकष ठरले. अंग पांढरं, डोकं तपकिरी-लाल ही ओळख तेव्हापासून पक्की. नर शंभर किलोंच्या पुढे जातो. भारतात ही जात आणली ती फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, १९९० च्या दशकात, गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात. म्हणजे जिवंत जनावर न आणता बाहेरचे भ्रूण इथल्या शेळ्यांच्या गर्भाशयात वाढवले.

बोअरच्या अंगात मांस धरण्याची ताकद आहे यात वादच नाही. चांगल्या खुराकावर त्याची पिल्लं दिवसाला दीड-दोनशे ग्रॅमने वाढतात. चराईवरचं आपलं करडू पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बोकड विकले जातात. पण नीट बघा, एका बाजूला मका-भरडा, पेंड, मेथीघास खाणारं पिल्लू आहे आणि दुसऱ्या बाजूला रानात फिरून पोट भरणारं. उस्मानाबादी करडालाही महिनाभर रोज मूठ-दोन मूठ भरडा घाला, ते ५० ग्रॅमवर थांबत नाही. उलट बोअरला नुसत्या रानावर सोडा, त्याचं आफ्रिकेतलं सगळं तेज उतरतं. मोठ्या इंजिनाची गाडी आणली की डिझेलही आणावं लागतं. खुराकाची तयारी नसेल तर बोअरचे पैसे वाया.

दुसरी भीती बाळंतपणाची. बोअरची करडं जन्मतःच वजनदार. पहिलटकर काळी (उस्मानाबादी) पाठ आणि बोअरचा बोकड हा जोडा लावू नका. आमच्या शेजारी एकाने लावला. रात्री दोन वाजता करडाचं डोकं अडकलं, डॉक्टर येईपर्यंत उजाडलं. पाठ गेली, करडूही गेलं. शेळीला पहिलं वेत घरच्याच जातीचं होऊ द्यावं, दुसऱ्या वेतापासून बोअर दाखवावा.

विरलेली दोन घोंगडी

आता संकराचं मुख्य गणित. शास्त्रज्ञ त्याला संकरजोम म्हणतात: दोन वेगळ्या जातींच्या आईबापांचं पिल्लू त्या दोघांच्या सरासरीपेक्षा जास्त काटक, जास्त जोमदार निघतं. असं का होतं?

प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. प्रत्येक जातीत काही प्रती बिघडलेल्या असतात. बंदिस्त राहिलेल्या जातीत त्या आतल्या आत फिरत राहतात. हे घोंगडीसारखं आहे. वापरून विरलेल्या घोंगडीला भोकं पडलेली असतात. त्याच घोंगडीची घडी घातली तर भोकावर भोक यायचा संभव. पण दुसऱ्या घरची विरलेली घोंगडी वर टाकली तर तिची भोकं वेगळ्या जागी असतात. एकीचं भोक दुसरी झाकते. पहिल्या पिढीच्या संकरात प्रत्येक ठिकाणी एक थर उस्मानाबादी, एक थर बोअर. जास्तीत जास्त भोकं झाकलेली. हा जोम शंभर टक्के धरा.

आता या पहिल्या पिढीतला देखणा बोकड तुम्ही ठेवला आणि त्याच पिढीच्या पाठींना दाखवला. त्याच्याकडून कधी उस्मानाबादी थर जातो, कधी बोअर. पाठीकडूनही तसंच. निम्म्या ठिकाणी दोन्ही थर एकाच घरचे येतात, भोकावर भोक परत येतं. जोम पन्नास टक्क्यांवर. शिवाय करडं एकसारखी राहत नाहीत: एक काळं, एक तपकिरी डोक्याचं, एक उंच, एक बुटकं. व्यापारी लॉट बघून भाव करतो, त्यात हे खटकतं.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. संकरित ज्वारीचं पहिलं वाण १९६४ मध्ये आलं, तेव्हापासून घरोघरी माहीत आहे की हायब्रीडचं घरचं बी दुसऱ्या वर्षी पेरायचं नसतं. कणीस बारीक पडतं, ताटं खालीवर होतात. तोच माणूस शेळीच्या बाबतीत मात्र बोअर क्रॉसचा बोकड पैदाशीला ठेवतो, आणि तो ठेवलाय हे कौतुकाने दाखवतो. कारण ज्वारीचं बी पिशवीतून येतं, बोकड मात्र डोळ्यांसमोर वाढलेला असतो.

जोम सगळ्याच गुणांत सारखा येत नाही. जे गुण आईबापांकडून पक्के उतरतात, जसं मोठेपणीचं हाड किंवा अंगलट, त्यात संकराने फार भर पडत नाही. तिथे चांगला बाप निवडणं हाच उपाय. जे गुण कमी उतरतात, म्हणजे गाभण राहणं, करडं जगणं, रोगाला तोंड देणं, तिथे संकर खरी कमाल करतो. अमेरिकेत नेब्रास्कातल्या क्ले सेंटरच्या सरकारी संशोधन केंद्राने मांसाच्या गुरांवर दीर्घकाळ प्रयोग केले. फळवायला सोडलेल्या दर गायीमागे दूध तुटलेल्या वासरांचं वजन किती मिळालं, हे मोजलं. वासरू संकरित असल्याने साधारण साडेआठ टक्के वाढ झाली. आईसुद्धा संकरित असेल तर त्यावर आणखी पंधरा टक्क्यांच्या जवळ. म्हणजे मोठा वाटा आईच्या जोमाचा. गुरांचे आकडे शेळ्यांना जसेच्या तसे लावू नयेत, पण दिशा तीच आहे.

हे वाचून हुशार वाचक मला अडवेल: मग भावाने पाठी ठेवल्या तर बिघडलं कुठे? संकरित आई तर चांगली म्हणताय!

बरोबर आहे. पहिल्या पिढीची बोअर-उस्मानाबादी पाठ वाईट आई नसते. बंदिस्त गोठा, घरचा चारा आणि खुराक असेल तर दोन-चार ठेवायला हरकत नाही. अडचण पुढची. ती पन्नास किलोंची होईल, तेवढं खाईल. तिला परत बोअर दाखवला तर पिल्लात पाऊण बोअर, आणि पिल्लाचा जोम निम्मा. तिला बदलायची वेळ येईल तेव्हा तशीच दुसरी हवी असेल तर पुन्हा शुद्ध उस्मानाबादी शेळीच लागेल, आणि ती तर तुम्ही तोवर विकून टाकलेली असेल. पाच-सहा वर्षांत कळपात आई म्हणून काय उरलंय हे कुणालाच सांगता येत नाही. गावठी गायींचं आपल्याकडे नेमकं हेच झालं. खिल्लार-डांगीवर विलायती होल्स्टीनचं रेतन करत गेलो, पहिली पिढी झकास निघाली, पुढे रक्त चढत गेलं आणि एप्रिलपासून गोठ्यात पंखा लावायची वेळ आली.

पंचवीस शेळ्यांत काय जमतं

पुस्तकात संकराच्या बऱ्याच पद्धती असतात. दोन जातींचे बोकड आळीपाळीने पिढीगणिक फिरवत राहिलं तर दोन-तृतीयांश जोम टिकतो. तीन जाती फिरवल्या तर ८६ टक्के. कागदावर सुरेख. पण त्यासाठी दोन-तीन जातींचे बोकड एकाच वेळी पाळायचे, आणि कुठल्या शेळीचा बाप कोण हे लक्षात ठेवून तिला दुसऱ्या जातीचा दाखवायचा. एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. पंचवीस शेळ्यांमागे तीन बोकड म्हणजे तीन पाहुणे वर्षभर पंगतीला.

पिढ्यान्‌पिढ्या बोअरच दाखवत जाणं हाही एक रस्ता. पन्नास, पंचाहत्तर, साडेसत्त्याऐंशी टक्के असं रक्त चढत जातं. ते चूक नाही, पण मग तुम्ही बोअरचं पैदास केंद्र चालवताय. गिऱ्हाईकही तसंच लागतं.

छोट्या कळपाला सगळ्यात सोपं पडतं ते असं. कळपाचे दोन वाटे करायचे, डोळ्यांनी नाही, वहीत. दहा उत्तम शेळ्या आणि सगळ्या पहिलटकर पाठी काळ्या बोकडाला, म्हणजे चांगल्या, बाहेरून आणलेल्या उस्मानाबादी बोकडाला. उरलेल्या पंधरा बोअरला. बोअरच्या पोटची करडं, नर असो मादी असो, सगळी विकायची. एकही पैदाशीला ठेवायचं नाही.

दहाच का? वर्षाला पाचेक म्हाताऱ्या-भाकड शेळ्या बदलाव्या लागतात. दहा शेळ्या, वर्षाला सरासरी दीड वेत, वेताला दीड करडू धरलं तर बावीस-तेवीस करडं. त्यात निम्म्या पाठी, काही मरतूक, म्हणजे नऊ-दहा हाताशी राहतात. त्यातल्या पाच निवडायच्या. निवडीला जागा हवी. पाचातल्या पाचही ठेवाव्या लागल्या तर ती निवड नव्हे, भरती.

दोन बोकड परवडत नसतील तर तीन वाटा आहेत. बोअरचं गोठवलेलं वीर्य वापरून कृत्रिम रेतन, जिथे शिकलेला माणूस हाताशी आहे तिथे. नाहीतर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून बोअर घ्यायचा. त्यात भांडण खुराकावरून होतं, आजार मात्र न भांडता पसरतो. म्हणून ब्रुसेलोसिसची (गाभ टाकायला लावणाऱ्या संसर्गाची) रक्ततपासणी केल्याशिवाय दुसऱ्याचा बोकड गोठ्यात घेऊ नये. तिसरी वाट काळाची: दोन वर्षं काळा बोकड ठेवून पाठींची बेगमी करायची, मग दोन वर्षं बोअर. आळसावर हाच उत्तम उपाय आहे, आणि मी तो आळशी माणसाला मोकळेपणाने सांगतो.

घरातला चोर

संकरावर एवढं बोललो, पण खरं सांगायचं तर बहुतेक गोठ्यांत नुकसान संकर चुकल्याने होत नाही. ते होतं नात्यातल्या पैदाशीने. बोकड आणला, त्याच्या पाठी दहा महिन्यांत माजावर आल्या, बोकड तिथंच. बाप-लेकीच्या पिल्लात चौथ्या हिश्श्याच्या जागी दोन्ही थर एकाच घोंगडीच्या एकाच टोकाचे. सख्ख्या बहीणभावाचंही तेवढंच, सावत्राचं त्याच्या निम्मं. दिसत काहीच नाही. जुळ्याऐवजी एकेरी व्हायला लागतात, करडं मलूल निघतात, शेळ्या उलटतात, म्हणजे फळवूनही गाभण राहत नाहीत. माणूस टॉनिक बदलतो, देवऋषी बघतो, बोकड बदलत नाही.

उपाय फुकट आहे. त्याच्या लेकी फळवण्याजोग्या झाल्या की बोकड हलवायचा. म्हणजे दीड-दोन वर्षांनी. लांबच्या गावातल्या चांगल्या बोकडाशी अदलाबदल केली तरी चालतं. आणि नर करडं तीन महिन्यांची झाली की वेगळी. चौथ्या-पाचव्या महिन्यात ती आईवरही चढतात, आणि गाभण राहिल्याचं तुम्हाला थेट व्याल्यावर कळतं.

यातच बकरी ईदचा एक खेळ आहे. कुर्बानीसाठी वर्षावरचा, दोन दाती, अंगाला खोट नसलेला बोकड लागतो, आणि भाव नेहमीच्या कितीतरी वर जातो. मग होतं काय, कळपातला सगळ्यात वाढलेला नर सगळ्यात आधी गाडीत चढतो. मागे राहतो तो कुणी न घेतलेला. पुढच्या पावसाळ्यात शेळ्या फळवतो तोच. म्हणजे दरवर्षी आपण उत्तम बाप कापायला देतो आणि उरलासुरला पैदाशीला ठेवतो. उस्मानाबादी "आता पहिल्यासारखी राहिली नाही" असं जुनी माणसं म्हणतात, त्याचं एक कारण याच बाजारात आहे. ईदच्या आधी दोन महिने एक बोकड ठरवावा, त्याच्या कानात बिल्ला मारावा, आणि व्यापाऱ्याने भावासाठी रुमालाखाली कितीही बोटं दाबली तरी तो सोडू नये.

एका जनुकासाठी केलेला संकर

संकराचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण फलटणचंच आहे, शेळीचं नाही, मेंढीचं. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची मेंढी आहे, जेमतेम बारा-चौदा किलोंची, पण दोन-तीन कोकरं सहज. हा गुण एकाच जनुकातल्या बदलामुळे येतो. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिकडच्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही हाच बदल सापडतो.

निंबकर संस्थेने गरोळ आणि दख्खनी यांचा संकर केला. जनुक आलं, पण अंगकाठी घटली. म्हणून पिल्लं पुन्हा दख्खनीला दाखवली, त्यांची पुन्हा दख्खनीला, आणि दर पिढीत ते जनुक असलेलीच फक्त ठेवली. २००१ मध्ये या जनुकाचा नेमका पत्ता लागल्यावर रक्ताच्या थेंबावरून तपासणी करता यायला लागली. शेवटी तयार झालेली नारी सुवर्णा मेंढी अंगाने दख्खनीसारखी, आणि जुळी देणारी. इथे जोम मिळवायचा नव्हता, एकच नेमकी गोष्ट आणून बाकीचं परत घालवायचं होतं. हे काम वर्षानुवर्षं आणि प्रयोगशाळेच्या आधाराने होतं. आपल्या पंचवीस शेळ्यांच्या गोठ्यात करायचं नाही. पण संस्थेकडून तयार जनावर घेता येतं.

वही आणि काटा

बोकड निवडताना रंगाला दहा मार्क, बाकी नव्वद इतर गोष्टींना. जुळ्यातला असावा, आणि त्याच्या आईने निदान तीन वेतं दिलेली असावीत. जुळं होण्याचा गुण फारसा पक्का उतरत नाही, म्हणून एका वेतावरून काही ठरवता येत नाही. दोन्ही वृषण सारखे, घट्ट. जबडा वरखाली नको. पाय सरळ, चालताना मागे ओढणारा नको. आणला की तीन आठवडे वेगळा बांधायचा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) या लसी कुठल्याही जातीला चुकत नाहीत. आणि शक्य असेल तर बोकड घ्यायला त्याच्या आईच्या गोठ्यावर जा. बाजारात तपकिरी डोक्याचं प्रत्येक जनावर बोअर असतं. मी स्वतः एकदा "शुद्ध" म्हणून घेतलेल्या बोकडाची निम्मी करडं काळी निघाली, तेव्हा हे शिकलो.

यापुढे सगळं वजनावर. छपराच्या वाशाला स्प्रिंगचा काटा अडकवायचा. खताच्या रिकाम्या पोत्याला पायांसाठी चार भोकं पाडून त्यात करडू बसवायचं. ते ओरडतं, आई धावत येऊन पोत्याला हुंगते, काटा हलतो. तो स्थिर झाल्यावर आकडा वाचायचा. जन्मल्यावर एकदा, नव्वद दिवसांनी एकदा. जुळ्याची तुलना जुळ्याशीच करायची, एकेरी करडाशी नाही, कारण त्याला दूध दुप्पट मिळालेलं असतं. असं वर्षभर केलं की नजरेला उत्तम वाटणाऱ्या दोन-तीन शेळ्या वहीत तळाला सापडतात. माझी एक अशी होती, देखणी, सगळे पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढायचे. तीन वेतांत तिची दोनच करडं वाचली.

मावसभावाने शेवटी शेजारच्या दोघांबरोबर मिळून बोअर घेतला, आणि काळा बोकड तुळजापूरकडून स्वतःचा. परवा त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. "१४ नंबर, तिसरं वेत, जुळी, ९० दिवस, ११.२ आणि १०.६. बाप बोअर." दोन्ही पाठी होत्या.

मी लिहिलं, "झकास. विकल्यास?"

"दोन्ही विकल्या," त्याचं उत्तर आलं. "१४ नंबर आता काळ्याला देतोय. तिची पाठ ठेवायचीय."